फिशर, मी आणि ठमी

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं?" आणि मी म्हणालो, "नाही."

पाकीट खिशात होतं. मांडीवरच्या पिशवीत आमची मांजर ठमी होती. बायको शेजारी बसली होती, ती माझ्याकडे न बघता भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला चारचौघांत कधी खोटं पाडलेलं नाही. तेव्हाही पाडलं नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी टिपलं, पोटातल्या केसांच्या गोळ्यासाठी पेस्ट दिली, जंताचं औषध दिलं आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर मी बाल्कनीत जाऊन एक ओढली.

मी एरवी खोटं बोलणारा माणूस नाही. त्या खोलीत मात्र ते सहज तोंडातून गेलं, कारण आतून मला ते खोटं वाटतच नव्हतं. मी घरात ओढत नव्हतो, बाल्कनीत ओढत होतो. आणि बाल्कनीतल्या धुराने मांजर आजारी पडतं, हे मला कोणी सिद्ध करून दाखवलेलं नव्हतं.

सिद्ध करून दाखवा, हा माझा धंदा होता. एकतीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. सिगारेट त्याहून जुनी, होस्टेलपासूनची. या दोन्हींचं माझ्यात फार चांगलं जमायचं. दरवर्षी सहसंबंधाचा धडा आला की मी पोरांना सांगायचो, छत्र्यांचा खप वाढतो तेव्हा डासही वाढतात, म्हणून डास छत्रीतून येत नाहीत. पोरं हसायची. मग मी आवाज जरा खाली आणून रोनाल्ड फिशरची गोष्ट काढायचो.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना फिशर कोण हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की प्रयोग कसा आखायचा हे विसाव्या शतकाला या माणसाने शिकवलं. कोणत्या वाफ्यात कोणतं खत घालायचं हे आपल्या मर्जीने ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे जमिनीचे छुपे गुणदोष दोन्हीकडे सारखे वाटले जातात, ही कल्पना त्याची. १९५० साली डॉल आणि हिल या संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुषांची माहिती छापली. त्यातले सिगारेट-पाइप काहीही न ओढणारे फक्त दोन निघाले. काही वर्षांनी जेव्हा ब्रिटनमध्ये लोकांना सावध करायची भाषा सुरू झाली, तेव्हा फिशर उभा राहिला. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही चिठ्ठ्या टाकून माणसं वाटलेली नाहीत. ज्याला ओढायची त्याने ओढली. उद्या असं निघालं, की ज्या जनुकांमुळे माणसाला सिगारेटची तलफ येते त्याच जनुकांमुळे त्याला कर्करोग होतो, तर बिचारी सिगारेट मधल्या मधे बदनाम. त्यासाठी त्याने जुळ्या भावंडांची आकडेवारीही पुढे केली.

पोरांना ही गोष्ट आवडायची. मला जास्त आवडायची. तास संपला की मी स्टाफरूममध्ये जाऊन फिशरच्या नावाने एक पेटवायचो.

गोष्टीतलं मी काय गाळत होतो, ते आता सांगतो. फिशर स्वतः पाइप ओढायचा. तंबाखू उत्पादकांच्या समितीचा तो सल्लागार होता. आणि १९५९ साली कॉर्नफील्ड या संख्याशास्त्रज्ञाने त्याला सरळ गणिताने उत्तर दिलं होतं. ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या कारणाच्या डोक्यावर टाकायचा असेल, तर ते कारण ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट आढळायला हवं. असं कारण कोणी दाखवलं नाही. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. कॉर्नफील्ड अभ्यासक्रमात नव्हता, हे माझं उत्तर. अभ्यासक्रमात फिशरचं जनुकही नव्हतं.

पुढे मुंबईच्या मुरली देवरांची याचिका सुप्रीम कोर्टात गेली, नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. मी स्टाफरूममधून सायकल स्टँडमागे गेलो. गांधीजयंतीला सरकारने आमचा सत्याग्रह मोडला, असा विनोद मी तेव्हा केल्याचं आठवतं. घराला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. घर माझं होतं.

ठमी आमच्याकडे २०१९ च्या पावसाळ्यात आली. बिल्डिंगच्या पाण्याच्या मीटरच्या पेटीत तीन पिल्लं होती. दोन दगावली, एक मी उचललं. करड्या पट्ट्यांची, छातीवर हातरुमालाएवढा पांढरा ठिपका. रिटायर माणसाला मांजर फार सोयीचं. सकाळी बाल्कनीतल्या आरामखुर्चीत मी पेपर उघडला की ती मांडीवर. पेपर, चहा, सिगारेट, ठमी, असा तास-दीड तास जायचा. मग ती उठायची, शेजारच्या स्टुलावर बसायची आणि स्वतःला चाटायला लागायची. आधी पंजा, मग पंजाने कान, मग छाती, पोट, शेपटीचं टोक. एवढी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. मला त्या चाटण्याचं भारी कौतुक. पाव्हण्यांना बोलावून दाखवायचो.

खोकला गेल्या वर्षी सुरू झाला. मांजराचा खोकला पाहिला नसेल तर तो खोकला आहे हे कळत नाही. ती चालता चालता थांबायची, चारी पाय दुमडून खाली बसायची, मान जमिनीला समांतर पुढे ताणायची, आणि घशातून कोरडा खरखरीत आवाज, सात-आठ वेळा. आता उलटी होणार म्हणून आम्ही जुनं वर्तमानपत्र घेऊन धावायचो. काहीच पडायचं नाही. ती एक घोट गिळायची, जीभ फिरवायची आणि काही झालंच नाही अशी निघून जायची. केस अडकलेत, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यानंतरच ती पहिली भेट आणि माझं ते "नाही."

पेस्ट चाटवली, जंताचं औषध झालं. सहा आठवड्यांनी एका रात्री ठमी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. कुत्रं तोंडाने धापतं, मांजर सहसा धापत नाही. ते धापायला लागलं तर थांबायचं नसतं. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर.

डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, स्टेथोस्कोप लावला, आणि ऐकता ऐकता ते थांबले. खाली वाकून त्यांनी तिच्या मानेच्या केसांत नाक घातलं. मग पुन्हा पाठीवर हुंगलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या अंगाला ॲशट्रेचा वास येतोय."

या वेळी बायको तक्त्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, "बाल्कनीत ओढतो. दिवसाला पाच-सहा." ती म्हणाली, "दहा."

एक्सरे निघाला. श्वासनळ्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या. टोकाकडून समोर येतात तिथे त्या छोट्या कड्यांसारख्या दिसतात, ते डॉक्टरांनी पेनाने दाखवलं. मांजरांचा दमा. आणि मग ते जे म्हणाले ते मी त्याआधी कधी डोक्यात आणलं नव्हतं. ते म्हणाले, "सर, तुम्ही फक्त ओढता. ही ओढतेही आणि चाटतेही." धुराचे कण केसांवर बसतात. मांजराची जीभ काटेरी असते, कंगव्यासारखी. ते सगळं त्या जिभेवर येतं आणि पोटात जातं. ज्या चाटण्याचं मी पाव्हण्यांसमोर प्रदर्शन मांडायचो, ते हे.

औषधात स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या आणि नंतर सुरू करायचा पंप. पंपाला स्पेसर लागतो, प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला तोंडावर बसणारा मास्क. लहान बाळाचा मेडिकलमध्ये मिळेल, तोच चालेल, असं डॉक्टर म्हणाले आणि वापरायचा कसा ते समजावायला लागले. बायकोने त्यांना मधेच थांबवलं. "माहीत आहे. दाबायचं, मास्क घट्ट धरायचा, दहा श्वास मोजायचे."

तिला माहीत असणारच. आमच्या मुलीला चौथीत जाईपर्यंत बालदमा होता. थंडीत रात्री दोनदोनदा उठून ही तिला पंप द्यायची, आणि शेजारच्या खोलीत मी पेपर तपासत बसलेलो असायचो, खिडकी किलकिली करून, सिगारेट ओढत. मुलीच्या डॉक्टरांनीही तेव्हा मला विचारलं असणार. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, म्हणजे आता त्याचा अंदाज करता येतो.

घरी येऊन मी मांजरं आणि सिगारेटचा धूर यांवरचा शोधनिबंध शोधायला बसलो. खरं सांगायचं तर तो खोटा पाडायला बसलो. परीक्षक कसा गठ्ठा पुढ्यात ओढतो, तसा. २००२ चा अभ्यास, अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजीमधला. मॅसॅच्युसेट्समधल्या पशुवैद्यकीय रुग्णालयात १९९३ ते २००० या काळात लिम्फोमा झालेली ८० मांजरं, तुलनेला मूत्रपिंडाच्या विकाराची ११४. लिम्फोमा हा मांजरांमध्ये नेहमी आढळणारा कर्करोग. घरात धूर असलेल्या मांजरांमध्ये धोका २.४ पट, पाच वर्षं किंवा अधिक धूर खाल्लेल्यांमध्ये ३.२ पट.

मी लाल पेन घेतलं. नमुना लहान. कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२ ते ४.५, फार रुंद. माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून, आणि मालक किती खरं बोलतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? (पण माझ्यासारखे मालक दोन्ही गटांत असणार, आणि सगळेच जर कमी सांगत असतील तर खरा धोका छापलाय त्याहून जास्त निघेल. हे सुचलं तेव्हा पेन खाली ठेवलं.) शिवाय ठमीला लिम्फोमा नाही, दमा आहे. हा अभ्यास तिच्याबद्दलचा नव्हेच.

मग शेवटचा पत्ता काढला. फिशर. आणि तो हातातच राहिला.

ठमीच्या जातीत सिगारेटची तलफ आणणारं जनुक नाही. कुठल्याच मांजरात नाही. माणसाबद्दल म्हणता येतं की त्याची घडणच तशी, म्हणून तो ओढतो आणि म्हणून तो आजारी पडतो. जपानच्या हिरायामांनी १९८१ मध्ये ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास छापला, नवरे ओढतात म्हणून बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो असं दाखवलं, तेव्हाही वाद घालणाऱ्यांना वाव होता. नवरा-बायको एकमेकांना निवडतात, त्यांच्या सवयी जुळतात, बायको चोरून ओढत असेल. मांजर चोरून ओढत नाही. त्याने मालक निवडलेला नसतो. मीटरच्या पेटीतलं वाचलेलं पिल्लू कोणाच्या घरी जाणार, हे त्या दिवशी खाली कोण उतरलं त्यावर ठरलं. मी उतरलो. दुसऱ्या मजल्यावरचे न ओढणारे कुलकर्णी उतरले असते तर ठमी त्यांच्याकडे गेली असती. चिठ्ठ्या टाकून वाफे वाटावेत, जवळजवळ तसंच. फिशरने आयुष्यभर मागितलेलं जवळपास तेच, आणि ते त्याच्या विरुद्ध जात होतं.

जवळजवळ म्हणतोय, पूर्ण नाही. ओढणाऱ्यांची घरं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. लहान खोल्या, बंद खिडक्या. सवय जात नाही, काय करणार.

त्यानंतर कुत्र्यांवरचे अभ्यास वाचले, कोलोरॅडोतले, एकाच संशोधकाचे. १९९२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध अगदी अंधूक दिसला, पण जो दिसला तो आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत. १९९८ मध्ये नाकाच्या कर्करोगाचा संबंध दिसला, तो लांब नाकाच्या कुत्र्यांत. लांब नाक धूर तिथेच गाळतं, म्हणून नाकाला रोग. आखूड नाकातून तो थेट खाली जातो. आकडे दोन्हीकडे बेताचे आहेत, वर्गात मी त्यांना पन्नासपैकी तीस दिले असते. पण त्यांना आकार आहे. छुप्या कारणाला कुत्र्याच्या नाकाची लांबी कशी कळणार?

न्यायशास्त्रातलं सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण, डोंगरावर धूर दिसतोय त्या अर्थी तिथे आग आहे. मी पठ्ठ्या चाळीस वर्षं धूर स्वतःच सोडत होतो आणि आगीचा पुरावा इतरांकडे मागत होतो.

पटलं म्हणून लगेच सुटली असं कृपा करून समजू नका. मी आधी दहाच्या चार केल्या. मग ग्लासगो विद्यापीठातल्या क्लेअर नॉटनबेल्ट यांचं काम वाचनात आलं. त्यांनी प्राण्यांच्या केसांतलं निकोटिन मोजलं. मालकाने दिवसाला दहाच्या खाली आणली की मांजराच्या केसांतलं निकोटिन बरंच उतरलं, तरी न ओढणाऱ्या घरातल्या मांजरांपेक्षा ते जास्तच राहिलं. मग मी गच्चीवर जायला लागलो. वर जायचं, ओढायची, खाली येऊन हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मग ठमीला घ्यायचं. दिवसाला चार शर्ट. बायको म्हणाली, एक तर सिगारेट बंद करा नाही तर मांडीवर घेणं बंद करा, धुणं मी बंद केलंय.

त्याच आठवड्यात बाल्कनीच्या सरकत्या काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसल्या. आतल्या बाजूने. कागद चहाच्या गाळण्यासारखा तपकिरी झाला. सरकतं दार बंद असायचं, अशी माझी समजूत.

घरात एक भांडण मात्र झालं, आणि त्यात मी पूर्ण चूक नव्हतो. मी म्हणालो, देवापुढच्या उदबत्तीचं काय? संध्याकाळी तू डासांची कॉइल लावतेस तिचं काय? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मध्ये मोजलेलं आहे. मी छापील आकडा तिच्यासमोर ठेवला. जिंकलो असं वाटलं. ती शांतपणे उठली, कॉइलचा डबा कचऱ्यात टाकला, खिडक्यांना जाळी बसवणाऱ्याला फोन केला, आणि उदबत्ती तेव्हापासून तुळशीपाशी, बाहेर. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. मांजराच्या बाजूने बोलायला गेलो आणि माझाच बचाव संपला.

शेवटची मी गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ओढली. नंतर दोन ओढल्या, एका मित्राच्या अंत्ययात्रेला, स्मशानाबाहेर. त्या दिवशी ठमी माझ्याजवळ आली नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण ती आली. नेहमीसारखी. अंघोळ होईपर्यंत मीच तिला खाली उतरवत राहिलो.

मुलीने फोनवर काही टोमणा मारला नाही. "किती पफ देता?" एवढंच विचारलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, असं मी सांगितलं. आता पंप मी देतो. डावा हात छातीखाली, मास्क नाकातोंडावर, आणि पोटाची बाजू किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं. दहा. तिला ते आवडत नाही, पण संपल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो म्हणून ती सहन करते. खोकला महिन्यातून एखादा येतो. दमा गेलेला नाही, तो जाणारही नाही. तो माझ्याचमुळे झाला का, हे एका मांजरावरून सांगता येणार नाही, नमुना एक. पण ते गृहीत धरायला आता मला चाचणी लागत नाही.

पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर तिचे सहा आठवडे आणि ती एक रात्र वाचली असती. म्हणून एक विनंती. तुमचं मांजर, कुत्रं, लव्हबर्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी विचारायची वाट न बघता घरात कोण ओढतं ते सांगून टाका. कुठे ओढता आणि किती, तेही सांगा. आणि जाताना बायकोला बरोबर न्या, म्हणजे आकडा बरोबर येईल.